शाळेजवळ वेप विकला जातोय आणि दंड फक्त २०० रुपये: पालकांनी करायचं काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. कोपरखैरणेत मुलाच्या शाळेजवळ सोसायटीच्या तळमजल्यावर पान-बिडीचं एक दुकान आहे आणि कोपऱ्यावर फुटपाथवर एक टपरी. दोन्हीकडे शाळेच्या पोरांना सुटी सिगारेट मिळते, दुकानात वेपही (म्हणजे ई-सिगारेट) मिळतो. तुम्ही पालकांनी मिळून तक्रार केलीत, पोलीस आले, २०० रुपयांची पावती फाडली आणि संध्याकाळी सगळं पुन्हा सुरू. मग गेल्या आठवड्यात तुमच्याच नववीतल्या मुलाच्या दप्तरात वेप सापडला. तुम्ही विचारलंय की या कायद्यात काही दम आहे का, सरकार तो कडक का करत नाही, आणि आता पुन्हा तक्रार केली तर आपलाच मुलगा अडकेल का.

शेवटचा प्रश्न तुम्ही अगदी खाली, एका ओळीत लिहिलाय. पण तुमची झोप त्यानेच उडाली असणार, म्हणून आधी तेच सांगते. नाही, मुलगा आरोपी होत नाही. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याने बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली आहे. ओढणाऱ्याला शिक्षा देणारं कलम त्यात नाही. सिगारेटच्या २००३ च्या कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलाला विकणाऱ्याला दंड आहे, विकत घेणाऱ्या मुलाला नाही. या सगळ्या प्रकरणात तुमचा मुलगा ज्याच्यावर अन्याय झाला तो आहे. हे त्यालाही सांगा, कारण आपल्याला पोलीस धरतील या भीतीनेच मुलं दुकानदाराचं नाव लपवतात.

मी सतरा वर्षं ठाणे जिल्ह्यात तंबाखू नियंत्रणाचं काम करते. शाळांमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण, दवाखान्यात व्यसन सोडवण्यासाठी समुपदेशन, आणि बऱ्याचदा छाप्याच्या वेळी पंच म्हणून सही. मी वकील नाही. खाली जे लिहिते ते कामातून शिकलेलं आहे, आणि त्यातलं काही तुमच्या जागी थोडं वेगळं निघू शकतं. दुकान कुणाच्या मालकीचं आहे, मुख्याध्यापक किती साथ देतात, तुमच्या हद्दीतले अधिकारी कसे आहेत, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

तुमची तक्रार वाया गेली याचं कारण माझ्या मते वेगळं आहे. कायदे आपल्याकडे चार-पाच आहेत. तुमच्या अर्जात फक्त ‘शाळेजवळ तंबाखू विकतात’ एवढं लिहिलं होतं, म्हणून पोलिसांनी त्याला साजेसं सगळ्यात हलकं कलम लावलं. २००३ च्या कायद्याचं कलम ६ दोन गोष्टी सांगतं: अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायची नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत कुणालाच विकायची नाही. त्याचा दंड २०० रुपयांपर्यंत, आणि तो जागेवर भरला की विषय मिटतो. २००३ साली ठरलेली ती रक्कम आजही तीच आहे. एका टपरीवाल्याने मला तोंडावर सांगितलं होतं, ‘मॅडम, महिन्यातून तीनदा पावती म्हणजे सहाशे. याच्यापेक्षा जास्त तर मी जागेच्या लाइटला देतो.’ त्याचं गणित बरोबर होतं. म्हणून कलम ६ सोडू नका, पण फक्त त्याच्यावर विसंबूही नका. टपरी आणि दुकान ही दोन वेगळी प्रकरणं समजा आणि दोघांसाठी दोन वेगळे अर्ज करा.

आधी टपरी, कारण ते काम सोपं. फुटपाथवर विनापरवाना उभी असलेली टपरी हा महापालिकेचा विषय आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली रस्त्यावरचं असं अतिक्रमण नोटीस न देताही हटवता येतं. अर्ज तुमच्या विभाग कार्यालयात, सहायक आयुक्तांच्या नावे. (तुमच्याकडे विभाग कार्यालय म्हणतात, ठाण्यात प्रभाग समिती.) त्याच अर्जात शंभर यार्डांचा उल्लेख करा आणि अंतर मोजून जोडा. यात बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ते शाळेच्या फाटकापासून रस्त्याने चालत मोजायचं नसतं. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत, चारही बाजूंना मोजायचं असतं. तुमच्या सेक्टरमध्ये शाळेची मागची भिंत आणि दुकानांची रांग यांच्यात एक गल्लीच असते. फाटकाकडून वळसा घालून जा, दीडशे मीटर भरतात, आणि दुकानदार तेच सांगून सुटतो. मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजायची सोय असते. कुंपणाचा जवळचा कोपरा धरून रेष ओढा, चित्र छापून अर्जाला लावा. शाळेने रस्त्यावर पिवळी पट्टी आखून घेतली असेल तर फारच उत्तम. तंबाखूमुक्त शाळेच्या केंद्रीय सूचनांमध्ये ही पट्टी आहे.

आणि हो, अर्ज करण्याआधी शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन पाहा, ‘१०० यार्डांच्या आत विक्री दंडनीय’ असा फलक आहे का. तो लावायची जबाबदारी संस्थेची आहे. मी पाहिलेल्या निम्म्या शाळांत तो गंजून कुंपणाच्या आतल्या बाजूला टेकवलेला असतो. सुनावणीत दुकानदाराचा पहिला मुद्दा हाच असतो की आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

टपरी हटते, पण परत येते. ठाण्यातल्या एका शाळेबाहेरची टपरी आम्ही एका वर्षात तीनदा हटवली. प्रत्येक वेळी गाडी आली, पत्रा उचलून नेला आणि पंधरा दिवसांनी त्याच चौकोनी डागावर नवा पत्रा. चौथ्या वेळी तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी वेगळी मागणी केली. त्या जागेवर शाळेच्या बसचा थांबा आखून द्या, म्हणाल्या. पालिकेने पांढरे पट्टे मारले, पालकांनी बसायला बाक दिला. सकाळ-दुपार तिथे आया उभ्या राहायला लागल्या आणि टपरीला जागाच उरली नाही. रिकामा कोपरा ठेवला की तो भरतोच. तुमच्या कोपऱ्यावर काय करता येईल याचा विचार टपरी हटायच्या आधीच करून ठेवा.

टपरीवर गुटखा किंवा सुगंधी तंबाखूच्या पुड्या लटकत असतील तर एक तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडेही जाऊ द्या. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर अन्न सुरक्षा कायद्याखाली बंदी आहे आणि साठा मिळाला तर कारवाई पावतीवर थांबत नाही. आपल्या राज्यात खरा मोठा प्रश्न तोच आहे, हेही लक्षात असू द्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के. सिगारेट आणि वेप डोळ्यांत भरतात, धूर दिसतो. पुडी दिसत नाही.

आता दुकान. इथे तुमच्या हातात जास्त जोर आहे, आणि त्याचं कारण वेपच आहे. सिगारेट विकायला बंदी नाही, कुठे आणि कुणाला विकायची यावर बंधन आहे. वेपचं तसं नाही. तो शाळेजवळ, शाळेपासून लांब, अठरा वर्षांच्या आतल्याला, साठ वर्षांच्या माणसाला, कुणालाही विकणं गुन्हाच आहे. अध्यादेश १८ सप्टेंबर २०१९ ला निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. आणि मुख्य म्हणजे विक्रीचा हा गुन्हा दखलपात्र आहे. गुन्हा नोंदवायला पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, आणि उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी झडती घेऊन माल जप्त करू शकतो. तुमच्या पहिल्या अर्जात ‘वेप’ हा शब्दच नव्हता, असं तुम्हीच लिहिलंय. तो शब्द असता तर २०० रुपयांच्या पावतीवर भागवणं त्यांना अवघड गेलं असतं.

अडचण एवढीच की वेप दुकानात मांडून ठेवलेला नसतो. मी ज्या छाप्यांना गेले त्यांत तो एकदा गल्ल्याखालच्या खणात, चिंगमच्या डब्यामागे निघाला, एकदा दुकानाबाहेर लावलेल्या स्कूटरच्या डिकीत. दुकानातलं कपाट साफ होतं. म्हणून अर्जात ‘वेप विकतात’ एवढंच लिहू नका. माल कुठून काढून देतात, किती वाजता गर्दी असते, कोण देतं, मालक की कामावरचा पोरगा, पैसे रोख घेतात की मोबाइलवर, हे तुम्हा पालकांनी जे स्वतः डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढं लिहा. ऐकलेलं लिहायचं असेल तर ‘असं ऐकलं आहे’ असंच लिहा. मुलाच्या मोबाइलवरून पैसे गेले असतील तर त्या व्यवहाराची नोंद हा फार चांगला पुरावा असतो. ती पुसू देऊ नका.

दुसरी गोष्ट फारशी कुणी वापरत नाही, पण मला तिचा सर्वांत जास्त उपयोग झालाय. नवी मुंबईत बऱ्याच गाळ्यांचा मालक वेगळा असतो आणि दुकान चालवणारा भाड्याने असतो. वेपच्या कायद्याचं कलम ५ सांगतं की जागेचा मालक किंवा ताबा असलेल्या कुणीही जाणूनबुजून तिथे ई-सिगारेटचा साठा ठेवू देणं हाही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा. मालक म्हणेल, मला ठाऊकच नव्हतं. तर त्याला ठाऊक करून द्या. सोसायटीच्या कार्यालयातून मालकाचं नाव-पत्ता घ्या आणि पालक-शिक्षक संघाच्या नावाने पोचपावतीच्या टपालाने साधं, सभ्य भाषेतलं पत्र पाठवा की तुमच्या गाळ्यात अमुक माल विकला जात असल्याची तक्रार पोलिसांकडे दिली आहे, तुम्हाला माहिती असावी म्हणून कळवत आहोत. धमकी नको, आरोप नको. एकाच पानाच्या अशा पत्रावर ठाण्यातल्या एका मालकाने भाडेकरार महिनाभरात मोडला होता. पोलिसांची कारवाई त्यानंतर दोन महिन्यांनी झाली.

सिगारेटचं काय, असं तुम्ही विचाराल. मुलांना सुटी सिगारेट विकली जाते, त्याला दोन कलमं लागू शकतात. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला बंदी घातली आहे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचं चित्र असतं, सुट्या कांडीवर काही नसतं, आणि मुलांच्या खिशाला पाकीट परवडत नाही, कांडी परवडते. दुसरं कलम बाल न्याय कायद्याचं, २०१५ च्या, कलम ७७. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वाचायला हे फार जबर वाटतं आणि समाजमाध्यमांवर सगळे हेच पुढे पाठवतात. पण २०२१ च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे अदखलपात्र झाले. म्हणजे नुसतं कलम ७७ घेऊन गेलात तर पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतील आणि तपासासाठी न्यायालयाचा आदेश आणायला सांगतील. ते कायद्याला धरूनच असेल, त्यांच्याशी वाद घालू नका.

इथे दोन्ही गोष्टी जोडायच्या असतात. एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तर सगळं प्रकरण दखलपात्र धरून तपास करता येतो. तुमच्या दुकानदाराचा वेप विकण्याचा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणून एकाच अर्जात वेपची विक्री आधी आणि मुलांना सिगारेट देणं त्याच्याखाली, असं मांडा. एक काळजी घ्या: कायद्याच्या भाषेत वेप हा तंबाखूजन्य पदार्थ नाही, त्यामुळे वेपसाठी कलम ७७ मागू नका, ते सिगारेटसाठीच मागा. अशी गल्लत झाली की आरोपीच्या वकिलाला आयतं सापडतं.

अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला. एका पानापेक्षा मोठा नको. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. पोलीस ठाण्यात घेत नसतील तर तोच अर्ज टपालाने उपायुक्तांकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, तेव्हा मात्र वकील हवा. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कामोठे, पनवेलचा जिल्हा रायगड आणि महापालिका पनवेलची. पोलीस आयुक्तालय एकच, बाकी कार्यालयं वेगळी. चुकीच्या जिल्ह्यात गेलेला अर्ज महिनाभर टेबलांवर फिरतो.

आता एक कळकळीची विनंती. पुरावा मिळवण्यासाठी कुठल्याही मुलाला गिऱ्हाईक म्हणून दुकानात पाठवू नका. तुमच्या गटात कुणीतरी तसं सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका वस्तीत पालकांनी हेच केलं. आठवीतल्या मुलाला पैसे देऊन पाठवलं, लांबून चित्रीकरण केलं, आणि उत्साहाच्या भरात कुणीतरी ते वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. दुकानदार दोन दिवसांत सुटला. मुलाचा चेहरा मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर राहिला. ‘सिगारेट घेणारा पोरगा’ म्हणून त्याला चिडवायला लागले, दुकानदाराची माणसं घराखाली येऊन उभी राहायची. त्या मुलाने ती शाळा सोडली. त्याच्या आईशी मी पुढे बरेच महिने बोलत होते. तुमच्याकडे चित्रीकरण करायचंच असेल तर दुकानाच्या दर्शनी भागाचं, मोठ्यांनी, आणि ते फक्त तपास अधिकाऱ्याच्या हाती. मुलाचा जबाब घ्यायची वेळ आलीच तर प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांनाच बोलवा, साध्या वेशात आणि तुमच्यासमोर. आणि मुलाची ओळख कुठेही प्रसिद्ध करायची नसते, हे शाळेलाही सांगा.

घरातलं आता. मुलाशी बोलताना ‘कुणी शिकवलं’ इथून सुरुवात करू नका. ‘न ओढता किती वेळ राहवतं’ असं विचारा. उठल्या उठल्या लागतो, शाळेत मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जावं लागतं, असं उत्तर आलं तर सवय लागली आहे असं धरा. वेपमध्ये धूर नाही, आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास असतो, म्हणून मुलांना आणि पालकांनाही तो निरुपद्रवी वाटतो. यातले बरेच वेप ५ टक्के निकोटिनचे असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. युरोपीय संघात, जिथे वेप विकायला परवानगी आहे, तिथे २० मिलिग्रॅमच्या वर विकता येत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मेंदूवर निकोटिनची पकड लवकर बसते. माझ्याकडे येणारी मुलं सांगतात, ‘ताई, मी सोडणारच होतो, पण अभ्यासाला बसलं की डोकं चालेना.’ ती खोटं बोलत नसतात.

सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण. चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं, भूक वाढणं. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. या दिवसांत तो दारं आपटेल, उलट बोलेल. त्याचा स्वभाव बिघडलाय असं समजू नका. परीक्षेच्या आठवड्यात सोडायला लावू नका, शक्य असेल तर शनिवार-रविवार धरून सुरुवात करा. निकोटिनच्या गोळ्या किंवा चिंगम दुकानातून आणून देऊ नका, अठरा वर्षांखाली ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं. पाकिटावर छापलेली राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ मोफत आहे. शासकीय रुग्णालयांत आणि दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं असतात, तिथे एकदा प्रत्यक्ष जा. मुलाला आईसमोर बोलायचं नसेल तर तुम्ही बाहेर बसा. वाईट वाटून घेऊ नका. जो मुलगा समुपदेशकाशी एकटा बोलायला तयार होतो, त्याचं पुढे बरं चालतं, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय.

शाळेला सांगायचं का? मी म्हणेन सांगा, पण आधी मुख्याध्यापकांना एकट्याने भेटून विचारा की शाळा अशा मुलाचं काय करते. शाळा घरी बसवणार असेल तर थांबा, कारण घरी बसलेल्या मुलाच्या हातात दिवसभर मोबाइल असतो आणि वेप घरपोच आणून देणारे त्यातच भेटतात. शाळा समुपदेशकाकडे पाठवणार असेल तर लगेच सांगा. या मुलासोबत आणखी पाच-सहा असतील, आणि त्यांच्या आयांना अजून काहीच माहीत नसेल.

कायदा कडक करावा का, हा तुमचा मोठा प्रश्न. करावाच, असं माझं स्पष्ट मत आहे, पण कुठे करावा हे महत्त्वाचं. तुम्ही इंग्लंडचं उदाहरण दिलंत, १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कधीच सिगारेट विकायची नाही अशी तिथली योजना. न्यूझीलंडने असाच कायदा २०२२ मध्ये केला आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये मागे घेतला. मालदीवने १ नोव्हेंबर २०२५ पासून जन्मसालाची बंदी लागू केली आहे. आपल्याकडे कर्नाटकने तंबाखू विकत घेण्याचं किमान वय २१ केलं आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड १,००० रुपयांपर्यंत नेला. केंद्राने २०२० च्या शेवटी असाच दुरुस्तीचा मसुदा काढला होता, तो कायदा झाला नाही. महाराष्ट्राने हुक्का पार्लरसाठी २०१८ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून तुरुंगवासाची तरतूद केली, म्हणजे राज्याला हे जमतं. माझी मागणी एवढीच की कलम ६ चा दंड विकणाऱ्याला खरंच लागेल एवढा वाढवा, आणि तंबाखू विकायला परवाना सक्तीचा करा. परवाना असला की तो रद्द करता येतो. आज त्या टपरीवाल्याकडून काढून घेण्यासारखं काहीच नाही.

आणि कायद्याने काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या लहानपणीची एसटी आठवायला सांगते. पुढच्या सीटवरचा माणूस बिडी ओढायचा, आई पदराने माझं नाक झाकायची आणि कंडक्टर काही बोलायचा नाही. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली, २००३ चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. आज एसटीत कुणी बिडी पेटवली तर प्रवासीच ओरडतात. याला बरीच वर्षं लागली, आणि मधल्या काळात तुमच्यासारख्या कुणीतरी पुन्हा पुन्हा तक्रारी केल्याच असतील.

राहिला तुमच्या कपाटातला तो वेप. तो कचऱ्यात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते, ती चेपली गेली तर पेट घेते. मुलाला परत तर देऊ नकाच, आणि घरातही ठेवून घेऊ नका. जाड कागदी पाकिटात घाला, वर कधी आणि कुठे सापडला ते लिहा, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, म्हणजे नाव, चव आणि निकोटिनचं प्रमाण दिसेल. अर्ज द्यायला जाल तेव्हा तो सोबत न्या, अर्जात त्याचा उल्लेख करा आणि ‘वस्तू जमा’ असं पोच प्रतीवर लिहून घ्या. जाताना दोन-तीन पालक सोबत असू द्या, आणि मुलाला त्या दिवशी घरीच ठेवा.